घरट्यावरच्या बगळ्यांसाठी ६५ मिलिमीटरचा स्पॉटिंग स्कोप : दोन वसंतांच्या वापरानंतर

राखी बगळ्याची जोडी अंडी उबवीत असते तेव्हा तिच्या घरट्यावर तासन्‌तास काहीही घडत नाही, आणि हे काहीही न घडणे नीट पाहता यावे एवढ्यासाठीच मी स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर बसवून एका डोळ्याने पाहायची दुर्बीण, घेतला. फिरत्या, उडत्या पक्ष्यांसाठी हातातली द्विनेत्री दुर्बीण पुरते. एकाच फांदीवरच्या एकाच घरट्याकडे सहा-सहा आठवडे पाहत राहायचे असेल तर मात्र साधन वेगळे लागते. सलग दोन वसंत ऋतूंत हा स्कोप घेऊन मी एका तळ्याच्या काठी बसत आलो आहे. तेवढ्या वापरावरून त्याच्याविषयी जे मत झाले ते येथे मांडतो.

स्कोपचे पुढचे भिंग ६५ मिलिमीटर व्यासाचे आहे, झूम २० ते ६० पट आहे आणि आयपीस, म्हणजे डोळा लावायचे भिंग, ४५ अंशांत वर वळवलेला आहे. नळी हवाबंद आणि आत नायट्रोजन भरलेला असल्यामुळे पावसाची किंवा आतून बाष्प धरण्याची भीती नाही. काचा मात्र साध्या आहेत, म्हणजे रंगदोष कमी करणारी ईडी काच यात नाही. कंपनीचे आणि मॉडेलचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच मापाचे आणि जवळजवळ याच बांधणीचे स्कोप अनेक कंपन्या विकतात आणि खाली सांगितलेले बहुतेक गुणदोष त्या सर्वांना थोड्याफार फरकाने लागू पडतात.

आधी अंतराविषयी सांगायला हवे, कारण सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. थंड हवामानाच्या प्रदेशांत राखी बगळे हिवाळा सरता सरता उंच झाडांच्या शेंड्यांवर जमू लागतात आणि एकाच झाडावर किंवा शेजारच्या झाडांवर अनेक जोड्यांची घरटी होऊन तिथे सारंगागार, म्हणजे बगळ्यांची वसाहत, तयार होते. त्या दिवसांत, विशेषतः अंडी घालण्याच्या सुमारास, हे पक्षी फार बिचकतात. माणूस झाडाखाली आला की घरट्यावरचा बगळा प्रथम मान ताठ उभी करतो, मग उठून कडेला उभा राहतो आणि त्याहीपुढे गेल्यास उडून जातो. तो उडाला की अंडी उघडी पडतात, आणि कावळ्यांना तेवढी संधी पुरते. त्यामुळे ज्या वाटेवरून माणसे रोज ये-जा करतात आणि पक्ष्यांना ज्यांची सवय झालेली आहे अशाच जागेवरून, पाण्याच्या पलीकडून पाहणे योग्य. माझ्या बसण्याच्या जागेपासून घरटे सुमारे २०० मीटरांवर आहे. आठ पटींच्या दुर्बिणीतून २०० मीटरांवरचा बगळा २५ मीटरांवर असल्यासारखा दिसतो. घरट्यावर कोणीतरी बसले आहे हे त्यातून कळते, काय चालले आहे ते कळत नाही. स्कोपमधून वीस पटींवर तोच पक्षी १० मीटरांवर येतो, आणि बगळ्याएवढ्या मोठ्या पक्ष्याला १० मीटर अंतर भरपूर झाले.

येथेच खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ‘६०’ या आकड्याचा विचार करावा लागतो. साठ पटींवर बगळा साडेतीन मीटरांहूनही जवळ येतो हे गणित खरे आहे. पण पुढचे भिंग ६५ मिलिमीटरचे असल्यामुळे आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत वीस पटींवर सव्वातीन मिलिमीटर रुंद असतो आणि साठ पटींवर जेमतेम एक मिलिमीटर उरतो. चित्र मंद होते, कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि डोळा केसभर सरकला तरी सगळे काळे होते. त्यात ट्रायपॉडची प्रत्येक थरथर साठ पटींनी वाढून येते. दोन वर्षांत मी साठ पटींचा उपयोग करून एकही गोष्ट अशी पाहिलेली नाही जी पस्तीस पटींवर दिसली नसती, आणि माझ्या झूमच्या कड्यावरची घाण पाहिली तर वीस ते पस्तीस एवढाच पट्टा हाताळून गुळगुळीत झालेला दिसतो. विकत घेणाऱ्याने या आकड्याला भुलू नये. भिंगाचा व्यास आणि कमी पटींवरची स्पष्टता या दोनच गोष्टी पाहाव्यात.

कमी पटींवर हा स्कोप खरोखरच चांगला आहे. पहिल्या वसंतात मी घरटे बांधण्याचे दिवस पाहिले. राखी बगळ्यांत नर आणि मादी दिसायला सारखेच असतात, त्यामुळे कोण काय करतो हे वागण्यावरूनच ओळखावे लागते. साधारणपणे काटक्या आणण्याचे काम नराकडे आणि त्या रचण्याचे काम मादीकडे असते. नर लांब काटकी चोचीत आडवी धरून येतो आणि उतरताना मानेची पिसे फुलवून कर्कश हाक देतो, मादी मान वर ताणते, काटकी घेते आणि मग ती घरट्याच्या कडेत खुपसून, मान थरथरवत, जागच्या जागी हलवून बसवते. वीस पटींवर ही सगळी देवघेव एका दृश्यात मावते, कारण २०० मीटरांवर सुमारे सात मीटर रुंदीचा भाग दिसतो. झाडाचा शेंडा, शेजारची दोन घरटी आणि येणारा पक्षी असे सर्व त्यात येते. झूम वाढवली की हे हातचे जाते. काटकी कुठून आली, शेजाऱ्याच्या घरट्यातून चोरली की झाडावरून मोडली, हे कळत नाही. (शेजाऱ्याच्या घरट्यातून काटक्या पळवणे हा या वसाहतींतला नित्याचा उद्योग आहे, आणि चोरी होत असताना शेजारी घरी असेल तर जी भांडणे होतात ती पाहण्यासाठीसुद्धा रुंद दृश्यच हवे.)

रंग पाहण्यासाठी मी तीस पटींपर्यंत जातो. जोड्या जमण्याच्या दिवसांत राखी बगळ्याची एरवी पिवळट दिसणारी चोच आणि पाय नारिंगी-लालसर होतात आणि पुढे तो रंग ओसरत जातो. दोन-तीन दिवसांच्या अंतराने टिपणे केली तर हा उतार स्पष्ट दिसतो. स्कोपच्या काचा रंग थोडे पिवळसर दाखवतात, तरी फरक लपत नाही. याच झूमवर माझ्या घरट्यातले दोन पक्षी मला वेगळे ओळखता आले. राखी बगळ्याच्या डोक्यामागे काळी, लांब, बारीक पिसे असतात, आणि जोडीतल्या एकाच्या तुऱ्यातले एक पीस मध्येच तुटलेले होते. ही खूण सापडल्यावर पाहण्याची तऱ्हाच बदलली, कारण आता घरट्यावर ‘बगळा’ बसलेला नव्हता, तुटक्या तुऱ्याचा किंवा अख्ख्या तुऱ्याचा बसलेला होता, आणि कोण किती वेळ बसतो याची नोंद ठेवता येऊ लागली. एका दिवशी पहाटेपासून सलग सहा तास मी जागा सोडली नाही, तर त्या वेळात पाळी एकदाच बदलली. अख्ख्या तुऱ्याचा आला, दोघांनी माना उंचावल्या, तुटक्या तुऱ्याचा उठला, क्षणभर कडेवर उभा राहिला आणि पंख पसरून तळ्यावरून निघून गेला. उडताना बगळा मान आखडून घेतो हे सर्वांना ठाऊक असते. स्कोपमध्ये ती मान उड्डाणानंतर किती सावकाश मागे जाते हे दिसते.

अंड्यांविषयी मात्र अपेक्षा आधीच ठरवून घ्यावी. खालून पाहणाऱ्याला, त्याच्याकडे कितीही महाग स्कोप असो, बगळ्याची अंडी दिसत नाहीत. घरटे काटक्यांचे, मीटरभर रुंद असू शकते, वर्षानुवर्षे त्याच घरट्यावर भर पडत गेल्यामुळे ते जाड होते, आणि तीन ते पाच अंडी त्याच्या खोलगट मध्यात असतात. अंडे फिकट निळसर-हिरवे, सुमारे सहा सेंटिमीटर लांब. ते दिसायचे तर निरीक्षकाची जागा घरट्याहून उंच असायला हवी, आणि तळ्याच्या काठी अशी जागा क्वचितच मिळते. तेव्हा अंडी घातली गेली आहेत हे पक्ष्याच्या हालचालींवरून वाचायचे असते, आणि या वाचनासाठी स्कोप फार उपयोगी पडतो. आदल्या आठवड्यापर्यंत घरट्यात उभा राहणारा पक्षी एके दिवशी खोल बसलेला आढळतो, इतका की कडेवर फक्त डोके आणि पाठीची राखाडी रेघ उरते. दीड-दोन तासांनी तो उठतो, चोच सरळ खाली पायांशी नेतो, मान हळूहळू स्वतःकडे ओढतो, पुन्हा तेच करतो आणि मग दोन्ही बाजूंना डुलत, अंग घुसळत खाली बसतो. अंडी फिरवण्याची ही हालचाल वीस पटींवरही चुकत नाही. जो पक्षी चोच घरट्याच्या कडेत खुपसतो तो काटकी नीट करतो आहे आणि जो मध्यभागी, पायांमध्ये नेतो तो अंडी फिरवतो आहे, एवढा फरक आठवडाभरात डोळ्यांत बसतो.

या दीर्घ बसण्यासाठी वळवलेला आयपीस घेतला हा माझा सर्वांत बरोबर ठरलेला निर्णय होता. दुकानात सरळ आयपीसचा स्कोप हाताळायला सोपा वाटतो, कारण जिकडे पाहायचे तिकडे नळी रोखली की झाले. वळवलेल्या आयपीसमध्ये पक्षी शोधताना पहिले काही दिवस आपण चुकीच्या झाडाकडे पाहत राहतो. परंतु घरटे उंचावर असते. सरळ स्कोपला अशा वेळी मान मागे टाकून पाहावे लागते आणि अर्ध्या तासात मान भरून येते. वळवलेल्यात मान किंचित खाली झुकवून, घडीच्या खुर्चीवर बसून, ट्रायपॉड बुटका ठेवून पाहता येते. बुटका ट्रायपॉड वाऱ्यात कमी हलतो हा त्याचा आणखी एक लाभ. शिवाय सोबत लहान मूल किंवा उंच माणूस असेल तर ट्रायपॉडची उंची न बदलता दोघांनाही पाहता येते. नळीच्या कडेला नेम धरण्यासाठी दिलेली छोटी पन्हळ सुरुवातीच्या त्या चुकीच्या झाडांवर चांगला उपाय आहे. फक्त तिची सवय करून घ्यावी लागते.

ट्रायपॉडची कथा तितकी सुखाची नाही. विक्रेत्याने स्कोपबरोबर जो ट्रायपॉड सुचवला तो कॅमेऱ्यासाठीचा, हलका, घडी केल्यावर पिशवीत मावणारा होता, आणि मीही वजन कमी म्हणून खूश झालो. पहिल्याच वाऱ्याच्या सकाळी घरटे स्कोपमध्ये असे हलू लागले की जणू झाडच उपटून निघते आहे. मधल्या दांड्याला दगडांची पिशवी टांगून काम भागवले. त्याहून वाईट गोष्ट दुसऱ्या आठवड्यात घडली. स्कोप ज्या पट्टीवर बसतो तिचा स्क्रू ढिला झाला होता हे माझ्या लक्षात आले नाही, नळी पुढच्या जड भिंगाच्या बाजूने एकदम खाली कलली आणि ट्रायपॉडसह आडवी झाली. गवतावर पडल्यामुळे भिंग वाचले, पण फोकसच्या कड्यात तेव्हापासून एक बारीक अडखळ आहे, बरोबर माझ्या घरट्याच्या अंतराच्या थोडी अलीकडे. दोष कोणाचा, तर निम्मा माझा, कारण दर तासाला स्क्रू तपासणे हे स्कोप वापरणाऱ्याचे काम आहे. निम्मा मात्र त्या पट्टीचा. तिला रबराची पातळ गादी आहे आणि ती दबत गेली की स्क्रू आपोआप ढिला होतो. मी गादी काढून टाकली. त्यानंतर तो प्रकार घडलेला नाही. ज्याला हा स्कोप घ्यायचा आहे त्याने ठरवलेल्या रकमेचा बराच मोठा भाग ट्रायपॉड आणि त्याच्या डोक्यासाठी बाजूला ठेवावा. त्यासाठी स्कोप एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी चालेल.

प्रकाशाच्या बाबतीत स्कोपची मर्यादा दिवसाच्या दोन्ही टोकांना वेगवेगळी दिसते. पहाटे, झुंजुमुंजू असताना, आपल्या डोळ्याची बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडलेली असते आणि स्कोप तिला वीस पटींवरही सव्वातीन मिलिमीटरचाच झोत देतो, म्हणून त्या पंधरा-वीस मिनिटांत ८×४२ ची, म्हणजे आठ पटींची आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, साधी दुर्बीण अधिक उजळ चित्र देते. ८५ मिलिमीटरचा स्कोप ही उणीव बरीच भरून काढतो, पण तो वजनदार असतो आणि तळ्यापर्यंत चालत जायचे असेल तर खांद्याला जाणवतो. ऊन चढल्यावर दुसरी अडचण सुरू होते. पाणी आणि काठाची जमीन यांच्या तापमानातल्या फरकामुळे हवा थरथरू लागते आणि घरटे पाण्याखाली असल्यासारखे लहरते. हा स्कोपचा दोष नव्हे. कितीही उत्तम काचेचा स्कोप आणला तरी लहरणारी हवा तो स्थिर करू शकत नाही, उलट झूम वाढवल्याने लहरी मोठ्या दिसतात. वसंतातल्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास आणि ढगाळ दिवशी जवळजवळ पूर्ण दिवस चित्र स्थिर मिळते, असा माझा अनुभव आहे. ढगाळ दिवशी मात्र साध्या काचेचा दोष उघडा पडतो, कारण पांढऱ्या आकाशावर बगळ्याचा काळा तुरा आला की त्याच्या एका कडेला जांभळी आणि दुसऱ्या कडेला हिरवट रेघ उमटते. पस्तीस पटींपर्यंत ती सोसवते, पुढे ती पिसांचा तपशील खाऊन टाकते. ईडी काचेच्या स्कोपमधून तोच पक्षी पाहण्याची संधी मला एकदा मिळाली, आणि फरक आहे हे प्रामाणिकपणे मान्य करतो. तुटके पीस त्यात तुटलेल्या टोकासह दिसले.

या स्कोपबद्दलची माझी मुख्य तक्रार आयपीसची आहे. झूम आयपीसची एक जन्मजात अडचण अशी की कमी पटींवर त्याचे दृश्य अरुंद वाटते, म्हणजे चित्राभोवती काळी किनार रुंद राहते आणि आपण नळीतून डोकावतो आहोत ही जाणीव जात नाही. दहा मिनिटे पाहायचे असेल तर ती खुपत नाही. तीन तास पाहायचे असेल तर खुपते. यावर उपाय म्हणजे पंचवीस किंवा तीस पटींचा, झूम नसलेला, रुंद दृश्याचा आयपीस, आणि घरटे पाहणाऱ्याला खरे तर तोच हवा, कारण त्याचा पक्षी जागा बदलत नाही आणि त्याला झूमची गरज जवळजवळ पडत नाही. पण या मॉडेलचा आयपीस नळीला कायमचा जोडलेला आहे, बदलता येत नाही. ज्यांचा आयपीस फिरवून काढता येतो असे स्कोप या वर्गात आहेत, आणि आज निवडायचे झाले तर मी त्यांतलाच निवडेन. चष्मा लावणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. आयपीसवरचे रबरी कडे खाली करून, चष्म्यासकट, पूर्ण गोल दृश्य दिसते का हे दुकानातच पाहावे. माझ्या बाबतीत वीस पटींवर दिसते, मधल्या पट्ट्यात कडा किंचित कापल्या जातात. थंडीच्या सकाळी श्वासाने आयपीस धुरकट होतो. त्यावर नाकातून श्वास खाली सोडण्याखेरीज मला दुसरा उपाय सापडलेला नाही.

मोबाइल जोडण्याची पट्टी सोबत मिळाली आहे. नोंदीसाठी फोटो येतात, दाखवण्यासाठी नाहीत.

घरबसल्या थेट कॅमेऱ्यातून घरटे पाहता येत असताना हा सारा खटाटोप कशाला, असा प्रश्न मला विचारला गेला आहे, आणि तो वाजवी आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने २०१२ च्या वसंतात सॅपसकर वूड्स येथील मोठ्या निळ्या बगळ्यांच्या घरट्यावर कॅमेरे लावून थेट प्रक्षेपण केले होते. त्या घरट्यातली पाच अंडी, त्यांचे फुटणे, आणि रात्रीच्या अंधारात शिंगळ्या घुबडाने बसलेल्या बगळ्यावर घातलेली झडप हे सर्व जगभरच्या लोकांनी पाहिले. मोठा निळा बगळा हा राखी बगळ्याचा अमेरिकेतला जवळचा भाऊबंद. अंडी, रात्र आणि घरट्याचा तळ, या तीन गोष्टी स्कोप कधीच दाखवू शकत नाही आणि कॅमेरा दाखवतो. मात्र कॅमेरा एका घरट्याच्या कडेशी बांधलेला असतो. पाळी बदलायला निघालेला पक्षी तळ्याच्या कोणत्या कोपऱ्यातून उठला, वाटेत कोणत्या शेजाऱ्याने त्याला हाकलले, कावळे कोणत्या झाडावर टपून बसले आहेत, हे त्याच्या चौकटीबाहेर घडते. मी दोन्ही पाहतो. कॅमेऱ्यावर अंडी फिरवताना चोच नेमकी कशी चालते ते शिकलो, म्हणूनच २०० मीटरांवरून तीच हालचाल ओळखता आली.

ज्यांना पाहण्याबरोबर मोजणीतही रस आहे त्यांना स्कोपचा आणखी एक उपयोग आहे. ब्रिटनमध्ये बगळ्यांच्या वसाहतींमधील घरट्यांची गणना १९२८ पासून दर वर्षी होत आली आहे. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यानंतर राखी बगळ्यांची संख्या किती घसरली आणि पुढे कशी सावरली, हे त्या सलग आकड्यांमुळेच स्पष्ट झाले. घरटे वापरात आहे की गेल्या वर्षीचे रिकामे आहे हा अशा मोजणीतला कळीचा प्रश्न असतो. पाने फुटण्यापूर्वी, वीस पटींवर, काठावरून सावकाश एकेक घरटे पाहत गेले तर ताज्या काटक्या, विष्ठेचे पांढरे ओघळ आणि कडेवर डोकावणारे डोके यांवरून तो सुटतो. माझ्या समोरच्या झाडांवर दुर्बिणीतून मी सात घरटी धरली होती. स्कोपने त्यांतली दोन रिकामी ठरवली आणि फांद्यांआडची एक नवी दाखवली.

दुसऱ्या वसंतात माझ्या टिपणांनुसार पक्षी खोल बसू लागला त्याला सव्वीस दिवस झाले होते. राखी बगळ्याचा उबवणीचा काळ साधारण तेवढाच, पंचवीस-सव्वीस दिवसांचा असतो, म्हणून त्या आठवड्यात मी रोज जात होतो. हवा ढगाळ होती, वारा नव्हता, झूम पंचवीसवर होती. सकाळी आठच्या सुमारास तुटक्या तुऱ्याचा उठला, नेहमीप्रमाणे चोच पायांशी नेली, पण या वेळी ती वर आली तेव्हा तिच्या टोकाशी काहीतरी फिकट होते. मी झूम तीसवर नेली, फोकसच्या कड्याची ती अडखळ नेमकी तेव्हाच आडवी आली, आणि चित्र जुळेपर्यंत पक्ष्याने मान घरट्याबाहेर काढून ती वस्तू सोडून दिलेली होती. खाली पडताना ती वाऱ्यावर तरंगल्यासारखी हलकी, आतून पांढरी आणि बाहेरून निळसर दिसली : अंड्याच्या कवचाचा अर्धा तुकडा. पक्षी परत बसला, मात्र आता पूर्वीइतका खोल नाही, पंख किंचित सैल ठेवून. बगळे पहिली अंडी घातल्यापासूनच उबवायला बसतात, त्यामुळे पिल्ले एकदम न निघता एक-दोन दिवसांच्या अंतराने निघतात आणि त्यांच्या आकारांत फरक राहतो. पुढच्या पाच दिवसांत असे बाहेर टाकलेले आणखी दोन तुकडे मी पाहिले. कडेच्या वर करड्या केसाळ टाळूचे पहिले डोके दिसायला त्यानंतर दहा दिवस लागले, आणि वीस पटींवर ते व्यवस्थित दिसले.

जो वर्षभर वेगवेगळ्या ठिकाणी फिरून पक्षी पाहतो त्याने हा स्कोप घाईने घेऊ नये. चांगली ८×४२ ची दुर्बीण त्याच्या अधिक कामाची आहे. ज्याच्या आवाक्यात, ये-जा होणाऱ्या वाटेवरून दिसणारे एखादे सारंगागार आहे आणि ज्याला तिथे रोज तासभर बसता येते, त्याला ६५ मिलिमीटरचा, वळवलेल्या आयपीसचा स्कोप मी निःशंकपणे सुचवीन, मात्र आयपीस बदलता येणारा आणि जमल्यास ईडी काचेचा. माझा स्कोप मी बदलणार नाही, कारण अडखळीसकट त्याची सवय झाली आहे. ट्रायपॉड मात्र बदलला आहे. नवा जुन्याच्या जवळपास दुप्पट वजनाचा आहे, आणि पाणथळ काठावर त्याचे पाय रुततात म्हणून तिन्ही पायांखाली ठेवायला लाकडाच्या चकत्या कापून घेतल्या आहेत.